‘खाज म्हणजे बुरशीच’? त्या मेसेजमधल्या चार चुका

मोबाइलवर फिरणारा एक मेसेज सांगतो: योनीमुखाला खाज म्हणजे बुरशीच, मलम लावत राहा, कॅन्सर असता तर पॅप टेस्टमध्ये आला असता, तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढू देऊ नका, त्याने कॅन्सर पसरतो, आणि झालाच तर सगळा भाग कापतात. यातलं एकही विधान खरं नाही.

पॅप टेस्टमध्ये पेशी घेतात त्या गर्भाशयमुखाच्या. बाहेरची त्वचा त्यात तपासलीच जात नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी योनीमुखाबद्दल त्यातून काही कळत नाही.

खाज बहुतेकदा साधीच असते, हे मान्य. पण पॅजेट आजार (त्वचेतला एक दुर्मीळ कॅन्सर) हुबेहूब इसबासारखा दिसतो: लालसर, ओलसर चट्टा, मधूनमधून पांढरट पापुद्रे. स्टिरॉइड मलमाने खाज थोडी शमते आणि तिथेच फसगत होते, कारण चट्टा जागचा हलत नाही. मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) दर वेळी काळाच असतो असं नाही, गुलाबीसुद्धा असतो. चाळिशीनंतर बार्थोलिन ग्रंथीची (योनीच्या तोंडाशी ओलावा देणारी ग्रंथी) गाठ नव्याने आली, तर नुसता पू काढून सोडून देऊ नये, तिचाही तुकडा तपासावा.

तुकड्याने कॅन्सर पसरत नाही. जागा बधिर करून साधारण ४ मिलिमीटरच्या पंचने (गोल पात्याच्या छोट्या हत्याराने) त्वचेच्या पूर्ण जाडीचा गोल तुकडा घेतात. व्रण असेल तर तुकडा त्याच्या कडेवरून घ्यावा. मधोमध नुसत्या मेलेल्या पेशी हाती लागतात. खरी चूक वेगळीच आहे: निदानाआधी अख्खी गाठ काढून टाकणं. मग मूळ जागा सापडत नाही आणि सेंटिनेल ग्रंथी (कॅन्सर पसरताना ज्या लसिका ग्रंथीत सर्वांत आधी पोहोचतो ती) शोधणं अवघड होतं. म्हणून आधी फोटो काढून ठेवावा. अपवाद संशयित लहान काळ्या डागाचा: तो जमल्यास पूर्ण काढतात, म्हणजे मेलानोमाची जाडी नीट मोजता येते. पॅजेट निघाला तर सीके७, सीके२० (पेशींचं मूळ ओळखायला मदत करणारी प्रथिनं) यांचं रंगपरीक्षण मागावं. सीके२० पॉझिटिव्ह असेल तर मूळ आतड्यात किंवा मूत्राशयात नाही ना, ते पाहावं लागतं.

‘सगळं कापतात’ हे जुन्या काळचं. स्क्वेमस कॅन्सर (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा) २ सेंटिमीटरपर्यंतचा आणि १ मिलिमीटरपेक्षा खोल नसेल, तर जांघेतल्या ग्रंथींना हात लावत नाहीत. एकच गाठ, ४ सेंटिमीटरपेक्षा लहान, जांघेतल्या ग्रंथी वाढलेल्या नसतील तर फक्त सेंटिनेल ग्रंथी काढून पाहतात. पाय सुजण्याचा त्रास त्यामुळे बराच टळतो. पॅजेटची कड डोळ्यांना दिसते त्याच्या पलीकडे पसरलेली असते, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही तो परततो. त्वचेपुरता असेल तर ५ टक्के इमिक्विमॉड मलमही वापरतात आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तपासणी चालू ठेवावी लागते.