कॅप्टनला गप्प बसवून सामने जिंकता येत नाहीत: फिरत्या संदेशाला उत्तर

दापोलीपासून देवगडपर्यंतच्या क्रिकेट ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. टेनिस बॉलच्या स्पर्धांचा हंगाम रंगात आहे, त्यामुळे तो भराभर पुढे जातो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: फुटबॉलसारखा क्रिकेटमध्येही कोचच मालक असावा. कॅप्टन गांगुलीने कोच चॅपेलचं ऐकलं नाही म्हणून २००७ चा वर्ल्ड कप गेला. कॅप्टन कोहलीने कोच कुंबळेला हाकललं आणि त्या भांडणापायी २०१७ ची चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल हातची गेली. कोच आणि कॅप्टन एका मताचे असले की संघ जिंकतोच. शेवटी सल्ला असा की, गावच्या संघांनीही सूत्रं मंडपात बसलेल्या माणसाकडे द्यावीत.

या सल्ल्याने चांगले संघ मोडतील, म्हणून एकेक मुद्दा तपासून घेऊ.

फुटबॉलची तुलना नियमांपाशीच कोसळते. फुटबॉलचा कोच खेळ चालू असताना रेषेजवळ उभा राहून सूचना देतो, खेळाडू बदलतो. क्रिकेटच्या नियमांत नाणेफेकीआधी संघाची लेखी यादी कर्णधार देतो. नाणेफेक तोच करतो, डाव तोच घोषित करतो, पाच दिवसांच्या सामन्यात दोनशेची आघाडी मिळाली तर फॉलोऑन द्यायचा, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवायचं की नाही, हेही तोच ठरवतो. नियमावलीच्या प्रास्ताविकात कोचचा उल्लेख येतो तो लहान मुलांच्या क्रिकेटसंदर्भात, शिक्षक आणि पालकांच्या बरोबरीने. पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला, म्हणजे डीआरएससाठी, १५ सेकंद मिळतात आणि ड्रेसिंग रूमकडून खूण घ्यायला बंदी आहे. मार्च २०१७ मध्ये बंगळुरूच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथने पायचीत दिल्यावर वर ड्रेसिंग रूमकडे पाहिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवा. १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये, होव्हला भारताविरुद्धच्या सामन्यात, दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र घालून उतरला होता. त्यांचे कोच बॉब वूल्मर बाहेरून त्याच्याशी बोलत होते. सामनाधिकाऱ्यांनी ते यंत्र काढायला लावलं. त्या दोघांत भांडण नव्हतं, उलट उत्तम जमायचं. तरीही खेळाने ती दोरी तोडली.

आपल्या किनाऱ्यावर तर याचं कारण डोळ्यांना दिसतं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारकडे खारा वारा उलट दिशेने सुरू होतो. सकाळी ज्या टोकाकडून वेगवान गोलंदाजाला वारा पाठीवर मिळत होता, तिथून दुपारी तो तोंडावर येतो. उंच उडालेला टेनिस बॉल दहा-पंधरा पावलं सहज सरकतो. हे मिडऑफला उभ्या असलेल्या कॅप्टनला कळतं. मंडपाच्या कापडामागे बसलेल्याला ते षटकभर उशिरा कळतं, आणि सहा षटकांच्या सामन्यात एक षटक म्हणजे सहावा हिस्सा.

आता चॅपेल. इथे संदेशाने तारखाच गाळल्या आहेत. ग्रेग चॅपेल मे २००५ मध्ये भारताचे कोच झाले. सप्टेंबरमध्ये बुलावायो कसोटीत शतक केल्यावर गांगुलीने, आपल्याला कर्णधारपद सोडायला सुचवलं गेलं, हे पत्रकारांना सांगितलं. पाठोपाठ चॅपेल यांनी बोर्डाला लिहिलेला ईमेल फुटला. ऑक्टोबरपासून वनडेत आणि वर्ष संपण्याआधी कसोटीतही राहुल द्रविड कर्णधार होता. म्हणजे त्या भांडणात कोचचं म्हणणं मान्य झालं आणि कॅप्टन गेला. वर्ल्ड कप त्यानंतर सुमारे दीड वर्षाने झाला, कोचला साथ देणाऱ्या कर्णधाराच्या हाताखाली. १७ मार्च २००७ ला बांगलादेशविरुद्ध आपण १९१ वर आटोपलो. त्यात सर्वाधिक ६६ धावा गांगुलीच्याच होत्या, संथ असल्या तरी. पुढे श्रीलंकेने ६९ धावांनी हरवलं. चार-चार संघांच्या गटात दोन पराभव म्हणजे परतीचं तिकीट.

द्रविड-चॅपेल जोडीला निकम्मं ठरवायचं नाही. धावांचा पाठलाग करताना सलग १७ वनडे चॅपेल यांच्याच काळात जिंकल्या, त्यातल्या बहुतेक द्रविडच्या हाताखाली, आणि २००६ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये १९७१ नंतर पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. पण कोचला मनासारखा कॅप्टन मिळाला की सगळं जमतं, हा दावा या आकड्यांतून उभा राहत नाही. शिवाय २००६ च्या अखेरीस गांगुली परत आला, तोही चॅपेल कोच असतानाच. तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष होते दिलीप वेंगसरकर, जन्माने आपल्या राजापूरचे. जोहान्सबर्गला गांगुलीने नाबाद ५१ केल्या आणि दक्षिण आफ्रिकेत भारताने पहिली कसोटी जिंकली. कोच आणि खेळाडूचं पटत नसताना निर्णय घेणारं तिसरं माणूस असलं की काय होतं, ते इथे दिसतं.

कुंबळेंच्या बाबतीत ‘हाकललं’ हा शब्दच चुकीचा आहे. त्यांची नेमणूक जून २०१६ मध्ये एका वर्षासाठी झाली होती. त्या वर्षात १७ पैकी १२ कसोटी जिंकल्या, एकच हरलो. चॅम्पियन्स ट्रॉफी तोंडावर असताना, मे २०१७ मध्ये, बोर्डाने त्याच पदासाठी अर्ज मागवले. फायनल १८ जूनला झाली आणि २० जूनला कुंबळेंनी राजीनामा दिला. कर्णधाराला माझ्या पद्धतीबद्दल आक्षेप आहे हे बोर्डाने मला आदल्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, असं त्यांनी जाहीर निवेदनात म्हटलं. खरा दोष इथे आहे. एकाच्या मनात आक्षेप, दुसऱ्याला पत्ता नाही, आणि दोघांच्या मधल्या बोर्डाने दोघांना एकत्र बसवण्याआधी जाहिरात काढली.

आणि भांडणाने फायनल हरलो म्हणावं, तर त्याच तणावात सेमीफायनलला बांगलादेशला नऊ गड्यांनी कसं हरवलं? फायनल गेली ती क्रिकेटमुळे. फखर झमान तीनवर असताना बुमराच्या चेंडूवर झेल गेला, तो नोबॉल निघाला. फखरने ११४ केल्या, पाकिस्तानने ३३८. मग आमीरने रोहित, कोहली आणि धवन यांना काढलं.

‘एकमत असलं की विजय’ याला महिलांच्या टी-२० वर्ल्ड कपची नोव्हेंबर २०१८ ची अँटिग्वाची सेमीफायनल पुरेशी आहे. आधीच्या दोन डावांत अर्धशतकं केलेल्या मिताली राजला बसवण्यावर कर्णधार हरमनप्रीत आणि कोच रमेश पोवार यांचं एकमत होतं. भारत ११२ वर बाद, इंग्लंड आठ गड्यांनी विजयी. याच हरमनप्रीतने २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत शफाली वर्माच्या हाती चेंडू दिला, तेव्हा शफाली काही नेहमीची गोलंदाज नव्हती. तिने दोन बळी घेतले आणि वर्ल्ड कप आला. तो निर्णय मैदानात सुचला होता. कोच अमोल मुझुमदार यांचं मोठेपण असं की, असे निर्णय घेणारी कर्णधार त्यांनी मोकळी ठेवली.

गावात भांडण बहुधा अकराच्या यादीवरून होतं. भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात कोच महिनाभर पोरांकडून सराव करून घेतो. शिमग्याला किंवा मे महिन्यात चाकरमानी येतात, तिघाचौघांना जागा हवी असते, आणि कॅप्टनही अनेकदा त्यांच्यातलाच असतो. यावर उपाय स्पर्धेचं नाव नोंदवतानाच करायचा. पंधरांची यादी कोचने करावी, अकरा कॅप्टनने निवडावेत, आणि तेही आदल्या संध्याकाळपर्यंत. मुंबईहून आलेल्या प्रत्येकाकडून आल्या दिवशी दोन षटकं खेळून घ्या. टर्फवर सरळ येणारा चेंडू तांबड्या मातीवर मध्येच खाली बसतो, त्याचा अंदाज आल्याशिवाय बॅट आडवी पडते.

गोलंदाजीचा हिशेब कोचने कागदावर द्यावा. एका गोलंदाजाला दोनच षटकं असतील, तर सहा षटकांना तीन गोलंदाज कमीत कमी लागतात. एखाद्याला मार पडतो, एखाद्याचा पाय मुरगळतो, म्हणून अकरांत पाच हवेत. मित्रांना जागा देता देता चुकतं ते इथेच.

सामना चालू असताना मंडपातून ओरडणं बंद. षटक संपल्यावर पाणी नेणाऱ्याकडे एकच निरोप द्यावा, आणि त्यात माहिती असावी, हुकूम नको. ‘हा फलंदाज पाय न हलवता आडवा मारतोय’ हे सांगा. ‘अमक्याला बॉल दे’ नको, कारण ते गोलंदाज ऐकतो आणि पुढच्या चेंडूला कॅप्टनकडे बघेनासा होतो.

हरल्यावर ग्रुपवर काही लिहू नये. चॅपेल यांचा ईमेल फुटल्यावर परतीची वाट उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी पडवीत दोघांनी समोरासमोर बसावं, आणि तरी मिटलं नाही तर मंडळाने आधीच नेमलेल्या एका माणसाने त्याच दिवशी निकाल द्यावा. ज्याचा मुलगा किंवा पुतण्या संघात आहे, त्याला या कामाला नेमू नये.