परराज्यातली जमीन आणि मागे राहिलेलं देणं

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘माणूस गेला की त्याचं कर्ज संपलं. जमीन परराज्यात असेल तर इथल्या बँकेचा हात तिथे पोचत नाही. वारसांनी ती लवकर विकून पैसे वाटून घ्यावेत.’ मामा गेल्यावर हाच मेसेज मला तिघांनी पाठवला. मामा पुण्यात राहायचे, प्लॉट हुबळीला. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा, म्हणून नाव माझं.

कर्ज संपत नाही. ते वारसाच्या पगारावर येत नाही, एवढंच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे मयताची जेवढी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तेवढ्यापुरतीच वसुली होते. जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून तुमची सही असेल, तर मात्र ते देणं तुमचं स्वतःचं.

परराज्याची सबब मुळीच टिकत नाही. पुण्याच्या कोर्टाचा हुकूमनामा कलम ३९ खाली हुबळीच्या कोर्टाकडे पाठवता येतो आणि प्लॉट तिथे जप्त होतो.

‘लवकर विकून वाटून घ्या’ हे सगळ्यांत घातक. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा, मग मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली मजुरांची आणि घरकाम करणाऱ्यांची मजुरी. बाकीची देणी त्यानंतर, आणि पैसे पुरले नाहीत तर सगळ्यांना सारख्या प्रमाणात. गहाण मालमत्तेवरचा बँकेचा हक्क वेगळा, तो शाबूत राहतो.

मामांच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘मावशी, दोन महिने बाकी.’ क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन रोज यायचे. स्वयंपाकाच्या मावशींनी एकदाही विषय काढला नाही. कायद्यात त्यांचा नंबर कार्डाच्या आधी लागतो. त्यांचे पैसे मी आधी दिले आणि कार्डवाल्यांना तसं लेखी कळवलं.

वाटणी आधी केली, तर पैसे न मिळालेला धनको मृत्युपत्राने ज्यांना वाटा मिळाला त्यांच्याकडून ते परत मागू शकतो आणि एक्झिक्युटरलाही स्वतःच्या खिशातून भरावं लागू शकतं. म्हणून ‘मामांकडून कुणाचं येणं असेल तर कळवा’ अशी नोटीस पुण्याच्या मराठी पेपरात आणि हुबळीच्या कन्नड पेपरातही दिली, मुदत संपेपर्यंत थांबायचं ठरवलं. घरात कुरबुर झाली. गेल्या आठवड्यात हुबळीहून एका गवंड्याचं पत्र आलं. दीड वर्षापूर्वी प्लॉटला कुंपण घातल्याचा हिशेब, खाली मामांची सही. आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं.