बॅटरीला फिरवून आणतो

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे साडेनऊला पोचायचं होतं. नऊ वाजता मी खाली उतरलो आणि लांबूनच ऐटीत रिमोटचं बटण दाबलं. एरवी गाडी दोनदा डोळे मिचकावते. त्या दिवशी ढिम्म. जवळ जाऊन दाबलं. मग काचेला टेकवून दाबलं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी आपण आधी मोठ्याने आणि मग थेट कानात बोलतो, तसं.

"किल्लीने उघड की," आई म्हणाली.

"आई, हल्लीच्या गाड्यांना किल्ली नसते."

असते. रिमोटच्या पोटात एक बारीक खटका असतो, तो सरकवला की चपटी किल्ली बाहेर येते. गाडी घेऊन दोन वर्षं झाल्यावर हे ज्ञान मला बायकोने वरून फोनवर मॅन्युअल वाचून दिलं. दार उघडलं. आत बसून चालू करायचं बटण दाबलं, तर डॅशबोर्डवरचा एक दिवा मिणमिणला, बॉनेटखाली कुठेतरी 'टक्' झालं आणि पुन्हा शांतता. बॅटरी उतरली होती.

बंद पडलेल्या गाडीभोवती माणसं कुठून जमतात हे मला अजून कळलेलं नाही. दोन मिनिटांत चौघं जण बाह्या सरसावून मागे उभे. तिसऱ्या मजल्यावरचे काका सेनापती. "दुसऱ्या गिअरमध्ये टाका आणि आम्ही धक्का मारला की क्लच सोडा!"

"काका, ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही."

"मग न्यूट्रल करा."

न्यूट्रल होईना, कारण गिअरच्या दांड्याला असलेलं कुलूपही विजेवर चालणारं. म्हणजे गाडी चालू तर होत नव्हतीच, पण ढकलून घ्यायलाही तयार नव्हती. मदतीला आलेल्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली ती मला आजही बोचते. आई तेवढ्यात तळमजल्यावरच्या मुलाच्या स्कूटरवर मागे बसून निघून गेली, आणि डॉक्टरांकडे दहा मिनिटं आधी पोचली.

शेवटी काकांनी आपली गाडी माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली आणि डिकीतून जंपर केबल काढली. बायको मॅन्युअल घेऊन खाली आली आणि वाचू लागली. लाल वायरचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळ्या वायरचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि शेवटचं टोक? मी ते आपल्या बॅटरीच्या मायनसकडे नेत होतो, तर ती ओरडली, "अरे, तिथे नाही! इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब!" बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, आणि शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते, ही दोघं एकमेकांना भेटू नयेत एवढाच त्यामागचा हेतू. हेतू उत्तम आहे. पण आजच्या गाडीचं बॉनेट उघडून उघडा धातू शोधून दाखवा. सगळीकडे काळं प्लॅस्टिक. तिघांनी मोबाईलचे दिवे पाडून पाच मिनिटांनी रंग न लागलेला एक बोल्ट सापडवला. चिमटा लागला, बारीकशी ठिणगी उडाली, आणि बटण दाबताच गाडी अशी चालू झाली जणू काही झालंच नव्हतं.

"आता तासभर बंद करू नका," काका म्हणाले. मी आईला आणायला गेलो आणि दवाखान्याबाहेर इंजिन चालू ठेवून ताटकळत बसलो. आईने आत बसता बसता विचारलं, "इतकी कसली घाई?"

मेकॅनिकने बॅटरी तपासली आणि एकच प्रश्न विचारला. "गाडी वापरता का?"

"फारशी नाही," मी जरा अभिमानानेच म्हणालो. "घरूनच काम असतं. दोन वर्षांत चार हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत. नवीच आहे म्हणा ना."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि हात पुसत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी नेम धरला. रोज सकाळी खाली जायचं, गाडी चालू करायची, पाच मिनिटं जागच्या जागी बसायचं, बंद करायची आणि वर यायचं. अत्यंत जबाबदार माणूस असल्याची भावना यायची. लोक मात्र वेगळ्या नजरेने बघायला लागले. उभ्या गाडीत स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसलेल्या माणसाबद्दल चांगलं काही कुणाच्या मनात येत नाही. शेवटी बायकोनेच विचारलं, "घरी कुणी काही बोललं का तुला?"

तीन आठवड्यांनी बॅटरी पुन्हा उतरली.

मग मात्र मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि जे गणित समोर आलं त्याने माझी झोपच उडवली. मला वाटायचं, बॅटरीचा खरा खर्च सेल्फ मारताना होतो. आवाजही तेवढा होतो ना. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो हे खरं, पण ओढतो दोनेक सेकंद. हिशेब केला तर एका वेळेला ०.१ अँपिअर-अवरच्या आसपास (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर). उलट गाडी कुलूप लावून नुसती उभी असते तेव्हा घड्याळ चालू असतं, अलार्म चालू असतो, रिमोटची वाट बघत कुणीतरी कान टवकारून बसलेलं असतं, आणि कॉम्प्युटर आपली आठवण जपत असतो. हे सगळे मिळून ४०-५० मिलिअँपिअर घेतात. किरकोळ. पण चोवीस तास घेतात. दिवसाला १ अँपिअर-अवर! म्हणजे गाडी एक दिवस स्वस्थ उभी ठेवणं म्हणजे दहा-बारा वेळा सेल्फ मारण्याइतका खर्च. माझी बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. पूर्ण भरलेली धरली तरी तीन आठवड्यांत अर्धी. थेंबे थेंबे तळे आटे.

आणि पाच मिनिटांच्या माझ्या नेमाने त्यात काय भर पडत होती? शिशाची बॅटरी हा निवांत जेवणारा प्राणी आहे. तिच्यापुढे ताट वाढून पाच मिनिटांत उचललं तर तिने दोन घास घेतलेले असतात. वर मी पंखा लावायचो, गाणी लावायचो, सीट मागेपुढे करायचो. इंजिन जागच्या जागी चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, तोही अंग चोरूनच काम करतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातही बंबात पाणी कमी.

याहून वाईट गोष्ट नंतर कळली. अधूनमधून 'बघू या तरी बरी आहे का' म्हणून मी नुसतं दार उघडून यायचो. दार उघडलं की गाडीतली सगळी यंत्रणा खडबडून जागी होते, दिवे लागतात, पडदा उजळतो, आणि दार लावल्यावरही ती पुन्हा झोपी जायला बरीच मिनिटं घेते. तब्येत विचारायला येणाऱ्या पाहुण्यामुळेच पेशंट दमावा, तसला प्रकार.

खरं तर मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या गाडीत मागचा कॅमेरा आहे, टायरमधली हवा सांगणारा पडदा आहे, सीटबेल्ट लावला नाही तर कटकट करणारी यंत्रणा आहे. आणि हा सगळा डोलारा उभा कशावर, तर शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल! गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने ही युक्ती १८५९ साली काढली. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ आला, त्याआधी लोक हँडल मारून गाडी चालू करायचे. हँडल मारताना मनगटं मोडायची म्हणे. पण निदान हँडल तीन आठवडे उभं राहिल्याने उतरत नसे.

मी मल्टीमीटर आणला. घरात थर्मामीटर आणावा आणि मग प्रत्येकाला थोडा थोडा ताप वाटायला लागावा, तसं झालं. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की आपली अब्रूही तिथेच. एवढ्याशा फरकात सगळं राज्य. एकदा फेरी मारून आल्या आल्या मोजलं तर १२.९! मी घरभर सांगत सुटलो. संध्याकाळी पुन्हा मोजलं तर १२.३. गाडी बंद केल्या केल्या दिसतो तो वरवरचा फुगवटा असतो, काही तास थांबून मोजायचं असतं. बायकोला मी ही दुसरी बातमी सांगितली नाही.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर पट्ट्यांवर जमलेल्या लेड सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि तेवढी बॅटरी कायमची गेली, हे वाचल्यावर मी चार्जर आणायचं ठरवलं. तो बॅटरी भरली की आपणहून हात आखडता घेणारा, कितीही दिवस लावून ठेवता येणारा. फक्त पार्किंगमध्ये प्लग नाही. दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडायचा माझा प्रस्ताव घरातच बारगळला. सौरऊर्जेची पट्टी डॅशबोर्डवर ठेवायची तर पार्किंग तळघरात, तिथे ऊन आजवर आलेलं नाही. राहिला एकच मार्ग: बॅटरीच घरी आणायची.

दहा नंबरचा पाना घेऊन मी खाली उतरलो. आधी मायनस सोडायचा, मग प्लस, कारण प्लस सोडताना पाना बॉडीला लागला तर शॉर्ट होतं, जोडताना उलटं. बारा-तेरा किलोंचा तो ठोकळा आडवा न होऊ देता, तान्हं बाळ आणावं तसा छातीशी धरून वर आणला. हवा खेळती हवी म्हणून बाल्कनीत ठेवला. आईने चष्मा वर करून पाहिलं. "आता हिलाही घरात घेतलंस?" रात्री दोनदा उठून मी बाल्कनीत गेलो. पहाटे चार्जरवरचा हिरवा दिवा लागला तेव्हा झालेला आनंद कुणाला सांगण्यासारखा नव्हता. बॅटरी परत बसवली तर गाडीत बारा वाजलेले, रेडिओची सगळी स्टेशनं गायब, आणि काच एका बटणात वर जायची तेही ती विसरलेली.

हे दर महिन्याला करणं माझ्या कमरेला परवडेना. म्हणून ठरलं की दर रविवारी गाडी पाऊण तास चांगली पळवून आणायची. पण जायचं कुठे? कामं होती ती घराजवळची, आणि त्यांना पाच मिनिटं लागायची. आम्ही नुसतेच निघू लागलो. पहिल्या रविवारी आईने विचारलं, "कुणाकडे चाललोय?"

"कुणाकडे नाही. बॅटरीला फिरवून आणतोय."

ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तिचं बरं आहे."

हे इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. काका महिनाभरासाठी लेकीकडे जाणार होते. निघताना त्यांनी आपल्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुम्ही नाहीतरी फिरवताच. जरा आमच्या बॅटरीलाही." उपकार फेडायची संधी, नाही कसं म्हणणार? शिवाय काकांच्या गाडीला खरीखुरी किल्ली आहे, आणि क्लचही आहे. मला ती आवडायलाच लागली. महिनाभर दर रविवारी मी काकांची गाडी तासतासभर फिरवली, पुसली, एकदा टायरमध्ये हवाही भरली. काका परत आले तेव्हा त्यांची बॅटरी १२.६ होती. मी त्यांना मीटर लावून दाखवलं.

मग माझ्या गाडीकडे गेलो आणि रिमोट दाबला.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी काढली आणि माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली. बायको खाली आली ती मॅन्युअल न घेताच. आणि आता तो बोल्ट कुठे आहे हे आम्हा तिघांनाही अंधारात सापडतं.