खुलासा: पानसरे खून खटला सीबीआयकडे नाही

‘पुण्यात १० मे २०२४ रोजी निकाल लागला, त्यामुळे पानसरे प्रकरणही संपलं, दोन्ही सीबीआयकडेच होती’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

पुण्याचा निकाल डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटल्याचा होता आणि तो तपास सीबीआयचा. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. तो तपास आधी राज्य सीआयडीच्या विशेष पथकाकडे होता. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो एटीएसकडे (राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे) दिला. खटलाही वेगळा, कोल्हापूरच्या सत्र न्यायालयातला.

कर्नाटकातले विचारवंत एम. एम. कलबुर्गी आणि पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनांचा तपास कर्नाटकच्या एसआयटीने (विशेष तपास पथकाने) केला. आरोपींची काही नावं एकाहून अधिक प्रकरणांत येतात, म्हणून सगळं एकच वाटतं. पण एका यंत्रणेच्या कोठडीतला माणूस दुसरीला हवा असेल तर कोर्टाचं वॉरंट लागतं. एका गुन्ह्यात नोंदवलेला जबाब दुसऱ्या खटल्यात आपोआप पुरावा होत नाही. झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांचंही तसंच. मुंबई आणि बेंगळुरूच्या प्रयोगशाळांचे अहवाल जुळले नाहीत, तेव्हा तिसरं मत मागवण्यात मोलाचा वेळ गेला. यंत्रणांमधल्या समन्वयाची खरी परीक्षा इथे होते, आणि नागरिकांनी जाब विचारायचा तो याचाच.

हा मेसेज आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका.