लकव्यात दहा बोटं टोचण्याचा ‘चिनी उपाय’: त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. आधी इंग्रजीत आला, मग हिंदीत, आता मराठीतही दर काही महिन्यांनी कुणीतरी पुढे ढकलतंच. तो थोडक्यात असा. कुणाला मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक आला तर त्याला जागचा हलवू नका, हलवलंत तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतील. सुई ज्योतीवर धरून निर्जंतुक करा आणि दहाही बोटांच्या टोकांना टोचून थेंब थेंब रक्त काढा. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा आणि दोन्ही पाळ्यांना दोन-दोनदा टोचा. काही मिनिटांत रोगी शुद्धीवर येईल. तो पूर्ण सावरला की मगच दवाखान्यात न्या. हा पारंपरिक चिनी वैद्यकाचा उपाय आहे आणि तो शंभर टक्के लागू पडतो. पुरावा म्हणून १९७९ सालची तैवानमधल्या एका कॉलेजातली गोष्ट जोडलेली असते: वरिष्ठ सहकारी कोसळले, बोटं टोचली, उठून बसले.

पाठवणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा मेसेज माणसं मारतो, आणि जी वाचतात त्यांना कायमचं खाटेला खिळवू शकतो. म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

‘रोग्याला हलवू नका’

सगळ्यात घातक ओळ हीच. सुईपेक्षाही.

स्ट्रोक दोन तऱ्हांचा असतो. बहुतेकांना मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. गुठळीच्या प्रकारात घड्याळ किती निर्दय असतं याचा अंदाज अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला: मोठी वाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. दहा बोटं, दोन पाळ्या, मग ‘पूर्ण सावरेपर्यंत थांबा’, यात अर्धा तास सहज जातो. एकोणीस लाखांना तीसनं गुणून पाहा.

गुठळी विरघळवणारं औषध आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांत आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी मिळतं. ते पहिल्या तीन तासांत दिलं तर उपयोगी पडतं हे १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीनं दाखवलं. २००८ साली युरोपातल्या चाचणीनं ती मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. २०१५ साली एकापाठोपाठ एक प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी आणखी एक दार उघडलं: मांडीतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळीच बाहेर ओढून काढायची. हे सगळं वेळेत पोहोचलेल्यासाठी. साडेचार तासांत घर ते दवाखाना, स्कॅन, रक्ततपासणी आणि निर्णय, सगळं बसवायचं असतं.

आता रक्तवाहिन्या फुटण्याची भीती. आपल्या रस्त्यांचे खड्डे आठवले की ही ओळ लोकांना लगेच पटते. पण मेंदूतला रक्तस्राव गाडीच्या धक्क्यानं होत नाही. वर्षानुवर्षं चढलेल्या रक्तदाबानं खोलवरच्या छोट्या धमन्यांच्या भिंती कमकुवत होतात आणि फुटतात, किंवा धमनीला आधीच आलेला फुगा फुटतो. आणि समजा रक्तस्रावच झालेला असेल, तरी दवाखाना तितकाच तातडीचा. रक्तदाब ताब्यात आणणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम उलटवणं, गरज पडली तर शस्त्रक्रिया, यातलं घरी काय होणार?

शिवाय कुठल्या प्रकारचा झटका आहे हे घरात बसून कुणालाच ओळखता येत नाही, निष्णात डॉक्टरलाही नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. ताजं रक्त त्यात पांढरंशुभ्र दिसतं, लगेच. गुठळीच्या झटक्यात मात्र सुरुवातीच्या तासांत स्कॅन बऱ्याचदा जवळपास साफ दिसतो, आणि ‘रक्तस्राव नाही’ एवढं कळणंच औषध द्यायला पुरेसं महत्त्वाचं असतं. याच कारणानं घरात ॲस्पिरिनची गोळीही द्यायची नाही. हार्ट अटॅकचा नियम इथे लावला आणि आत रक्तस्राव असला तर आगीत तेल.

‘दहा बोटांतून रक्त काढलं की झटका उतरतो’

हा उपाय कुणी हवेतून काढलेला नाही, हे आधी मान्य करतो. चिनी ॲक्युपंक्चरमध्ये दहा बोटांच्या टोकांवर ‘शि-श्वान’ नावाचे दहा बिंदू खरोखर आहेत. बेशुद्धी, तीव्र ताप, उष्माघात अशा वेळी तिथे टोचून रक्त काढायची जुनी रीत आहे. कानाच्या टोकालाही तसंच करतात. ज्या काळात मेंदूच्या आत डोकावायचं काहीच साधन नव्हतं, त्या काळातल्या वैद्यांनी हाताशी होतं ते केलं. तिथवर माझी तक्रार नाही.

पण शरीरात काय घडतं ते पाहू. बोटाच्या टोकातून एक थेंब, म्हणजे साधारण एका मिलिलिटरचा विसावा भाग. दहा बोटांचे मिळून अर्धा मिलिलिटर. अंगात रक्त पाचेक लिटर. एवढं रक्त गेल्यानं मेंदूतला दाब उतरत नाही, आणि मानेतून वर जाणाऱ्या धमनीत रुतलेली गुठळी बोटातून बाहेर येत नाही. उलट ओळीनं दहा ठिकाणी टोचण्याच्या वेदनेनं रक्तदाब आणखी चढू शकतो, आणि रक्तस्राव सुरू असलेल्या माणसात तेच नको असतं.

बोटाला एकदाच टोचणं या प्रसंगी खरंच कामाचं आहे, ते वेगळ्या कारणासाठी. घरात मधुमेही माणूस असेल आणि ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजा. साखर फार उतरली तरी बोलणं अडखळतं, एका बाजूची ताकद जाते, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, हुबेहूब स्ट्रोकसारखं. तेही गाडी बोलावल्यानंतर, ती येईपर्यंत.

‘कान ओढले की वाकडं तोंड सरळ होतं’

तोंड वाकडं होतं ते मेंदूतून चेहऱ्याच्या स्नायूंकडे जाणारा हुकूम तुटल्यामुळे. कान लाल झाल्यानं तो जोडला जात नाही. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

‘चीनमध्ये असंच करतात’

करत नाहीत. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथे, कारण मेसेजचं वजन सगळं ‘चिनी’ या शब्दावर आहे.

स्ट्रोक हे चीनमधल्या मृत्यूंचं एक अगदी वरचं कारण आहे. तिथल्या डॉक्टरांनाही हीच डोकेदुखी होती: लोक उशिरा येतात. त्यावर शांघायच्या झाओ जिंग आणि अमेरिकेत काम करणारे ल्यू रेन्यू या दोघांनी लोकांच्या तोंडी बसेल अशी एक खूण तयार केली आणि २०१७ साली ती वैद्यकीय नियतकालिकात मांडली: १-२-०. एक म्हणजे चेहरा पाहा, वाकडा झालाय का. दोन म्हणजे दोन्ही हात उचलायला सांगा, एक खाली पडतोय का. शून्य, ज्याचा चिनी उच्चार ‘ऐकणे’ या अर्थाच्या शब्दासारखा आहे, म्हणजे बोलणं ऐका, अडखळतंय का. आणि १२० हा चीनमधल्या रुग्णवाहिकेचा नंबर. चिनी डॉक्टर आपल्या लोकांना फोन उचलायला सांगत आहेत. त्यात सुई कुठेही नाही.

मग पारंपरिक चिनी वैद्यक म्हणजे बदल न झालेलं, हजारो वर्षं तसंच चालत आलेलं ज्ञान, ही समजूतही तपासून पाहावी. जुन्या ग्रंथांत हा आजार वाऱ्यानं होतो असं म्हटलंय. बाहेरून शिरलेला वारा की आतच उठलेला, यावर तिथल्या वैद्यांनी शतकानुशतकं वाद घातले. वांग छिंगरेन या वैद्यानं स्मशानात उघड्यावर पडलेली प्रेतं जाऊन पाहिली, जुन्या ग्रंथांतल्या शरीररचनेतल्या चुका दाखवल्या आणि १८३० साली त्याचं पुस्तक छापून आलं. अर्धांग लुळं पडलेल्यांना चीनमध्ये आजही जो काढा दिला जातो, तो त्याच पुस्तकातला. पुढे झांग शिचुन (१८६०–१९३३) हे तिथलं मोठं नाव. डोक्याकडे उसळलेलं रक्त हे झटक्याचं कारण मानून त्यांनी स्वतःचा वेगळा काढा बसवला. आणि तापासाठी या पारंपरिक वैद्यानं जिप्समच्या जोडीला चक्क ॲस्पिरिन वापरली. समोर नवं, चांगलं काही आलं तर ते घ्यायचं, ही त्यांची रीत होती. त्या परंपरेच्या नावानं सीटी स्कॅनची वाट अडवणं हा तिचा मान नव्हे.

आज तिथल्या पारंपरिक वैद्यकाच्या मोठ्या रुग्णालयांतही स्कॅनची यंत्रं आहेत. झटक्याच्या रोग्याला सुया लावतात, पण त्या मुख्य उपचारांच्या जोडीला, आणि बहुतेक वेळा नंतरच्या पुनर्वसनात. त्याचा उपयोग किती, हा प्रश्न अजून मोकळा आहे. झटक्याच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेनं आढावा घेतला, तेव्हा एक गोष्ट पुढे आली: खऱ्या सुयांची तुलना खोट्या, म्हणजे उपचाराचा नुसता भास करून देणाऱ्या सुयांशी केली की फायदा दिसेनासा होतो.

मी ॲक्युपंक्चरच्या विरोधात नाही. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलट्या कमी करायला मनगटाच्या आतल्या बाजूचा ‘नेइ-ग्वान’ बिंदू उपयोगी पडतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. वारंवार होणाऱ्या अर्धशिशीतही काहींना गुण येतो. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे. प्रामाणिक ॲक्युपंक्चर चिकित्सक ताज्या झटक्याचा रोगी दारात आला तर सुईच्या डबीला हात न लावता त्याला पुढे पाठवेल, आणि पाठवायलाच हवं.

‘टोचून पाहायला काय हरकत? अपाय तर नाही’

एक, वेळ जातो, आणि तेच पुरेसं आहे. दोन, हृदयाच्या आजारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे ज्येष्ठ घरोघरी आहेत. त्यांची टोचलेली जागा वाहत राहते. तीन, ज्योतीवर काजळलेली सुई निर्जंतुक झाल्याचा भरवसा नाही. चौथी गोष्ट मेसेजबाहेरची, पण सांगायलाच हवी. फीट आली की कांदा हुंगवायचा, चक्कर आली की पाणी पाजायचं, ही आपली हातची सवय. झटक्यात गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. घोटभर पाणी किंवा साखरेचा चमचा श्वासनलिकेत जातो आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होऊन बसतो.

हा प्रश्न फक्त शहरातल्या ग्रुपचा नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांतले मृत्यू एकेक करून तपासले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक निघालं, जवळपास दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुसंख्य घरीच गेले. जिथे दवाखाना आधीच लांब आहे, तिथे ‘हलवू नका’ हा सल्ला पोहोचणं मला सहन होत नाही.

‘शंभर टक्के गुण, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय’

पाहिलं असेल. कॉलेजातली ती गोष्टही खरी असू शकेल. कारण झटक्याचा एक प्रकार असा आहे की तो आपोआप उतरतो. गुठळी क्षणभर अडकते, विरघळते, आणि काही मिनिटांत, फार तर तासाभरात, तोंड सरळ होतं, हात उचलतो, बोलणं पूर्ववत होतं. डॉक्टर त्याला टीआयए म्हणतात. या मधल्या वेळात तुम्ही बोटं टोचली, अंगारा लावला किंवा नुसते शेजारी बसलात, तरी रोगी उठून बसणारच. श्रेय सुईला जातं. ज्यांची बोटं टोचूनही काही झालं नाही, त्यांच्या घरचे मेसेज लिहायला बसत नाहीत.

आणि हे उठून बसणं म्हणजे सुटका नव्हे. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या पाहणीत टीआयए होऊन गेलेल्या दर दहा जणांपैकी एकाला पुढच्या तीन महिन्यांत खरा झटका आला, आणि त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोनच दिवसांत. मेसेज सांगतो तसं ‘ठीक झाल्यावर’ निवांत निघालात, किंवा आता बरं आहे म्हणून गेलातच नाही, तर नेमके तेच दोन दिवस हातचे जातात.

तेव्हा तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, जीभ अडखळली, यातलं एक जरी अचानक दिसलं तर १०८ लावा. माणूस शेवटचा नीट कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहा. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर त्या वेळेवरून ठरवतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर रात्री किती वाजता झोपला ते लिहा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेला दवाखाना तुमच्या भागात कुठला, हे आज, सगळे धडधाकट असताना विचारून ठेवा. आणि गाडी येईपर्यंत माणूस पूर्ण बरा होऊन ‘राहू दे, मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याच गाडीत बसवून त्याला घेऊन जा.