चार एमएलचा मधला मार्ग

आमच्याकडे पोराचं नाक नंतर वाहतं, आधी आईची सहाण आणि बायकोचा थर्मामीटर बाहेर येतो.

पोरगं साडेतीन वर्षांचं, वजन चौदा किलो. बालवाडीत जायला लागल्यापासून डबा विसरून येतं, पाण्याची बाटली विसरून येतं, सर्दी मात्र न चुकता घरी आणतं. परवा सोबत तापही आणला, १०१.

आई चिपळूणची. तिच्याकडे गुटीचा पितळी डबा आहे, त्यात वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, जेष्ठमध, सागरगोटा आणि एक काळा तुकडा, ज्याचं नाव तिलाही आठवत नाही, पण "तुला लागू पडला होता". मुरडशेंग स्क्रूसारखी पिळलेली असते आणि पोटात मुरडा आला की ती उगाळायची, हे औषध नुसत्या आकारावरून ठरवलं असावं असा मला लहानपणापासून संशय आहे, पण हे घरात बोलायची सोय नाही. "इंग्रजी औषधं उष्ण पडतात" हे आईचं ठाम मत, आणि ते ती रोज सकाळी बीपीची गोळी गिळता गिळता सांगते. विचारलं तर म्हणते, माझं काय, माझं वय झालं.

बायको दुसऱ्या टोकाला. पोराला शिंक आली की ती म्हणते अँटिबायोटिक सुरू करू. मधाचा विषय निघाला की ती सांगते, वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. आई म्हणाली, याला तर जन्मल्या जन्मल्या मधाचं बोट चाटवलं होतं. बायकोने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "हो, दिसतंय ते."

मी मधे. मी दोघींना समजवायला गेलो की अहो सगळं निसर्गातूनच आलंय, १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन बुरशीतच सापडलं. आई म्हणाली, "मग ब्रेडवरची आहे ती दे त्याला." बायको पहिल्यांदाच आईच्या जोकवर हसली, घरात तेवढी एकी झाली.

शेजारच्या काकूंनी होमिओपॅथीच्या गोळ्या आणून दिल्या, साबुदाण्याच्या आकाराच्या. अख्ख्या आजारपणात पोराने स्वतःहून मागून घेतलेलं औषध तेवढं एकच.

मग रात्री ताप चढला आणि खरी परीक्षा आली. डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात लिहून दिलेलं पॅरासिटामॉलचं सिरप घरात होतं, ताप आला तर चार एमएल. मी झाकणात चार एमएल मोजून घेतलं. तेवढ्यात आई दारातून म्हणाली, एवढं? एवढ्याशा जिवाला? आणि आतून बायको, दिलंस का? आता दोघींचं मन राखायचं म्हणून मी दोन एमएल दिलं. म्हणजे आईला कमी दिल्याचं समाधान, बायकोला दिल्याचं समाधान. त्यावर आईने छातीला ओव्याची पुरचुंडी शेकली, कपाळाला वेखंडाचा लेप लावला, आणि उरलेल्या वेळात मीठ-मोहरी-मिरचीने दृष्टही काढली. ताप तिथेच. रात्रभर कपाळाला हात लावून बघत बसलो, वेखंडाच्या वासाने मलाच शिंका यायला लागल्या.

सकाळी दवाखान्यात तिघं मोठी आणि एक पेशंट. डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि सहज विचारलं, "काय काय दिलंत?" मी "विशेष काही नाही" म्हणायला तोंड उघडलं, तर चिरंजीव टेबलावर बसून मोजायला लागले, आजीने काली कांडी दिली, कालं पाणी दिलं, काकूंनी गोल्या दिल्या, मिची जाळली. इतकी सविस्तर जबानी पोरगं शाळेत देत नाही.

मॅडम हसल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, ओव्याचा शेक ठीक आहे पण पुरचुंडी आधी स्वतःच्या हाताला लावून बघा, भाजायला नको. वेखंड पोटात अजिबात नको. मध आता चालेल, वर्षाच्या वर आहे तो, खोकल्याला बराही वाटेल. आईने बायकोकडे बघितलं. मग बायकोने अँटिबायोटिकचं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या हा व्हायरल आहे, व्हायरसला अँटिबायोटिक चालत नाही, उगाच देऊ नका. आता बायकोने भिंतीकडे बघितलं, तिथे लसीकरणाचा तक्ता होता, तो ती बराच वेळ वाचत होती.

"आणि सिरप चार एमएल दिलंत ना?"

मी म्हटलं, दोन.

"अहो डोस वजनावर असतो, एका किलोला साधारण पंधरा मिलिग्रॅमपर्यंत. निम्मं देऊन निम्मा ताप उतरत नाही. पण चार मोजले असतील ना, मग बाकीचं सांडलं का?"

मी हो म्हणणारच होतो.

"नाही सांदलं," चिरंजीव म्हणाले, "स्त्रॉबेली होतं. बाबांनी प्यायलं."