दहा हजार भरले की दारू सुटते का?

सकाळपासून डोकं फिरलंय. अ‍ॅफिडेव्हिटच्या कामासाठी कोर्टात गेले होते. शेजारच्या हॉलबाहेर ड्रंक अँड ड्राइव्हवाल्यांची रांग. त्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि सही करताना हात इतका थरथरत होता की पेन कागदावर टेकेना. सकाळचे अकरा! बायकोने पर्समधून नोटा मोजून दिल्या. वकील म्हणाला, "झालं साहेब, मोकळे."

मोकळे? कशातून?

माझा मावसभाऊ टेम्पो चालवायचा. पिऊन चालवताना पकडला गेला, दंड झाला, वहिनीने पाटल्या गहाण टाकल्या. थोड्याच दिवसांत परत तेच. म्हणजे शिक्षा नक्की कोणाला झाली सांगा.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ वाचा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत किंवा पंधरा हजार. उपचारांचा उल्लेखही नाही! अमली पदार्थांसाठीच्या एनडीपीएस कायद्यात मात्र कलम ३९ आहे. थोडासा माल सापडलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, कोर्ट तुरुंगाऐवजी व्यसनमुक्तीसाठी पाठवू शकतं. मग दारूने काय घोडं मारलंय?

"जबरदस्तीने कोणाची सुटत नाही" हे ऐकून कान किटले. इच्छा लागते, मान्य. पण आमच्या दादाला मालकाने सांगितलं, उपचार घेऊन ये, तरच टेम्पोची किल्ली मिळेल. शिव्या घालत गेला. वहिनीशी धड बोललासुद्धा नाही. इच्छा वगैरे जी काय झाली ती तिथे राहिल्यावर, कधीतरी तिसऱ्या आठवड्यात. आधी इच्छेची वाट बघत बसलो असतो तर आज फोटोला हार असता. त्याच्या नाहीतर दुसऱ्या कोणाच्या.

पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर आपण सगळे भडकलो. भडकायलाच हवं होतं, दोन जीव गेले होते. पण त्याच आदेशात दारू सोडवण्यासाठी डॉक्टरांकडे जायची अटही होती, ती त्या गदारोळात वाहून गेली. मला शिक्षेच्या जागी उपचार नकोतच. शिक्षेसोबत हवेत.

हो, पकडलेला प्रत्येक जण व्यसनी नसतो, ते डॉक्टरांनी तपासून ठरवावं. आणि हो, काही केंद्रांत मारहाण चालते, म्हणून मान्यता असलेलीच जागा हवी. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, त्यामुळे कसं करायचं हे कोणाला ठाऊकच नाही असं सांगू नका.

दादा आता एका गोडाउनमध्ये हिशेब बघतो. चिडका झालाय, चहात साखर फार घालतो, वहिनी वैतागते. वैतागू दे. पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

लायसन्स परत हवंय? उपचार पूर्ण केल्याचा कागद आणा, तोवर बसने फिरा. आणि "एका पेगने काय होतं" वाल्यांनी आज माझ्या वॉलवर येऊ नये. ब्लॉक करायच्या मूडमध्ये आहे.